पोच

बाबांच्या लोखंडी पेटीत सातबारा आहे, फेरफाराची नक्कल आहे, आजोबांच्या वेळचं फिटलेलं गहाणखत आहे आणि प्लास्टिकच्या एका पिशवीत एसटीचं तिकीट आहे. तिकिटावर आता काहीच दिसत नाही. कंडक्टरच्या मशीनमधून निघणाऱ्या कागदावरची छपाई घामानं उडते, उन्हानं उडते, नुसतं ठेवून दिलं तरी उडते. पण त्याला टाचलेली झेरॉक्स आहे आणि तिच्यावर सगळं वाचता येतं. तारीख, वेळ, आमच्या फाट्याचं नाव, तालुक्याचं नाव, ज्येष्ठ नागरिक, अर्धं तिकीट. नोव्हेंबर २०१८ मधला एक मंगळवार.

त्या दिवशी बाबा तालुक्याच्या ठाण्यात गेले होते. गेले होते हे दाखवायला आमच्याजवळ जवळजवळ तेवढंच होतं.

आमचं गाव वर्धा नदीपासून फार लांब नाही. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. भांडणं बहुतेक धुऱ्याची, म्हणजे बांधाची. शेजारच्या वावरवाल्यानं त्या वर्षी ट्रॅक्टरनं नांगरताना आमच्या धुऱ्यातलं दीड-दोन हात खाल्लं. बाबांनी तिथं गोटे मांडले, त्यानं ते फेकले, बोलाचाली झाली. खरं तर हे काम भूमी अभिलेखच्या मोजणीचं. पण त्यानं ठाण्यात जाऊन बाबांनी धमकी दिल्याची तक्रार केली. ती अदखलपात्र म्हणून नोंदवली गेली, म्हणजे ज्याला सगळे एनसी म्हणतात. अशा तक्रारीचा तपास न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळला तो फक्त बीट जमादाराचा फोन. "बुवा, उद्या ठाण्यात येऊन जा. दहा मिनिटांचं काम हाये."

बाबांचं वय तेव्हा ६८. दंड प्रक्रिया संहितेच्या १६०व्या कलमाप्रमाणे ६५ वर्षांवरच्या माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नव्हतं, पोलिसांनीच त्याच्या घरी जायचं होतं. हेही आम्हाला माहीत नव्हतं. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, होऊन आठ दिवस झाले होते, वेचणीला बाया लागल्या होत्या. बाबांनी कापसाची गाठोडी मोजायचं काम आईवर सोपवलं, धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली आणि सकाळच्या गाडीनं गेले. ठाण्यात जायचं म्हणून धुतलेलं धोतर. मला त्यांच्या त्या दिवसातलं हे सगळ्यात आधी आठवतं, मी तिथं नसतानाही.

सकाळी अकराला त्यांना बाकावर बसवलं. कोणी काही विचारलं नाही. दुपार झाली. शेजारी एक विशी-बाविशीचा पारधी पोरगा बसला होता, तो आदल्या दिवसापासून तिथंच होता. कुठल्यातरी गावात मोटारपंप चोरीला गेला होता म्हणून त्याला बेड्यावरून, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरून, उचलून आणलं होतं. बाबांनी घरून आणलेली भाकर दोघांनी अर्धी-अर्धी खाल्ली. साडेतीनच्या सुमारास बाबा उठून म्हणाले, "साहेब, मी जाऊ का? ढोरं पान्यावाचून असतीन." टेबलामागच्या एका कर्मचाऱ्यानं उठून त्यांच्या डाव्या कानाखाली मारलं. एकदाच. टोपी खाली पडली. ती त्या पोरानं उचलून, झटकून बाबांच्या हातात दिली.

रात्री नऊला "जा आता" म्हणाले. शेवटची गाडी निघून गेली होती. दादा मोटारसायकल घेऊन गेला. फाटकाजवळ ड्युटीवर असलेली एक महिला पोलीस हळूच म्हणाली, "बाबा, कान दाखवून घ्या. आन कागद जपून ठेवा." त्या बाईचं नाव मला माहीत आहे. ते मी कुठेही लिहिलं नाही, अर्जातही नाही.

तीन दिवस बाबा कोणाशीच काही बोलले नाहीत. मी वर्ध्याला राहते, एका पतसंस्थेत काम करते. आईचा फोन आला: "तुह्या बाबाले डाव्या बाजूनं हाक मारली त वळत नाहीत." शनिवारी मी गेले. बाबा ओसरीत बसले होते. मी डावीकडून गेले, मुद्दाम. ते समोर पाहत राहिले.

ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर चांगले होते. त्यांनी कानात पाहिलं, पडद्याला छिद्र पडल्याचं सांगितलं, जिल्ह्याला कान-नाक-घसा विभागात पाठवायची चिठ्ठी दिली. मग पेन थांबवून विचारलं, "कशानं झालं, काय लिहू?" मारानं, असं लिहिलं की एमएलसी, म्हणजे पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरण, होते, आणि एमएलसी झाली की दवाखान्यातून ठाण्याला कळवावं लागतं. म्हणजे त्याच ठाण्याला. डॉक्टरांनी हे सरळ सांगितलं आणि वाट पाहिली. बाबा माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "जे झालं ते लिहा." बाहेर आल्यावर माझे हात थंड पडले होते.

गावानं काय म्हटलं ते लिहायची गरज नाही, कुठलंही गाव जे म्हणतं तेच. पाण्यात राहून माशाशी वैर नको. पोलीस पाटील दोनदा येऊन गेले. धुरा सोडवून देतो म्हणाले, शेजाऱ्याला चहाला घेऊन येतो म्हणाले. पण खरी अडचण घरात होती. दादा मला म्हणाला, "तुले काय, तू जाशील वर्ध्याले. मले इथंच राहाचं हाये. उद्या तूर घेऊन चाललो आन गाडी अडवली त मी काय करू?" त्याला भित्रा म्हणणं सोपं होतं आणि त्या रात्री मी ते म्हटलंही. आज मला त्याचं म्हणणं जास्त कळतं. अर्ज लिहून मी खरंच वर्ध्याला निघून गेले. त्या ठाण्यावरून रोज दूध घेऊन जाणारा तो होता.

बाबांना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? त्यांनी बराच वेळ अंगठ्यानं जमीन उकरली. मग म्हणाले, "मले कोनाले जेलात धाडाचं नाही. त्यानं मले मारलं, थे लिवून पायजे."

एवढंच मागणं. ते पुरं व्हायला किती कागद लागतील याची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

सोमवारी मी अर्ज घेऊन ठाण्यात गेले. कारकुनानं वाचला, पुन्हा वाचला, आत नेला, बाहेर आणला आणि म्हणाला, "ठेवून जा." मी दुसरी प्रत पुढे केली. पोच द्या म्हटलं. "पोच-बीच भेटत नाही मॅडम. साहेब आले की पाहू."

पतसंस्थेत माझं दिवसभराचं काम पावत्या देण्याचं. भाजी विकणारी बाई पिग्मीचे वीस रुपये भरते, तिला पावती. कोणी कर्जाचा हप्ता दोन रुपये कमी भरला तरी पावती, आणि तिच्यावर ते दोन रुपये कमी लिहिलेले. माझ्या लेखी हे जगातलं सगळ्यात साधं काम होतं. तुम्ही दिलं, मी घेतलं, शिक्का, सही. त्या काउंटरसमोर उभी असताना मला पहिल्यांदा उमगलं की शिक्का न मारणं हासुद्धा एक अधिकार असतो. आमची आजी कोणाला वागण्याचं भान नसलं की म्हणायची, "त्याले काई पोच नाही." आपल्या भाषेनं पावतीला आणि शहाणपणाला एकच शब्द दिला आहे. आजीचं ते वाक्य मला त्या काउंटरपाशी ऐकू आलं.

तहसीलच्या आवारात निंबाखाली अर्जनवीस बसतात. त्यातले सगळ्यात म्हातारे होते त्यांच्याकडे मी गेले. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि खिशातून लाल पेन काढलं. "हे 'अमानुष' काढ. 'निर्दयपणे' काढ. 'लोकशाहीला काळिमा' हे तं पुरंच काढ." मला राग आला. रात्रभर जागून लिहिलं होतं मी ते. ते म्हणाले, "कोन्या हातानं मारलं?" मला माहीत नव्हतं. "किती वाजता? वाजले हे कसं कळलं? आजूबाजूला कोन होतं? मारनाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी होती का? बाबा ठान्यात गेले कशानं?"

"एसटीनं."

"तिकीट हाये?"

बाबांच्या सदऱ्याच्या खिशात ते होतं. आई कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे चाचपते म्हणून वाचलं. अर्जनवीस काकांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "आधी हे झेरॉक्स करून आन. दोन महिन्यात कोरं होईन." मग त्यांनी जमादाराच्या फोनची वेळ मोबाइलमधून उतरवून घेतली, दवाखान्याच्या चिठ्ठीचा क्रमांक घेतला आणि दीड पानाचा अर्ज लिहिला. त्यात एकही विशेषण नव्हतं. वाचताना मला माझ्या अर्जापेक्षा जास्त रडू आलं.

तो अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं गेला. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर लेखी स्वरूपात, टपालानं, अधीक्षकांकडे पाठवता येते. जुन्या संहितेत ते १५४व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १७३(४) आहे. आठवडाभरानं पोचपावतीचं कार्ड परत आलं. कार्यालयाचा गोल शिक्का, सही, तारीख. बाबांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि पेटीत ठेवलं. शिक्का नीट उठला नव्हता, पण होता.

त्याच सुमारास माहितीच्या अधिकारात एक अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. त्या दिवसाची स्टेशन डायरी आणि कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. तिसाव्या दिवशी उत्तर आलं. कॅमेरा तांत्रिक बिघाडामुळे बंद होता. आणि स्टेशन डायरीच्या त्या दिवसाच्या पानांत बाबांचं नाव नव्हतं. कोण ड्युटीवर आलं, कोण गेलं, कुठली गाडी पेट्रोलिंगला निघाली, कोणत्या गावचा कोण दारू पिऊन सापडला, सगळं वेळेसकट होतं. बाबा नव्हते. तो पोरगाही नव्हता. सरकारी कागदाप्रमाणे ती दोघं त्या दिवशी तिथं आलीच नव्हती.

मी ती पानं कितीतरी वेळा वाचली. आपल्याकडे 'बसवून ठेवलं' असं लोक किती सहज म्हणतात. अमक्याला ठाण्यात बसवून ठेवलं. सकाळपासून बसवला. दोन दिवस बसवला. हा शब्द कुठल्याही कायद्यात नाही. अटक केली तर कायदा जागा होतो. चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, राज्यघटनेच्या २२व्या कलमात तसं आहे. घरच्यांना कळवावं लागतं, अटकेचा पंचनामा करावा लागतो, वैद्यकीय तपासणी करावी लागते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर १९९६ ला अकरा सूचना दिल्या. पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदतीचं काम करणाऱ्या बसूंनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं होतं आणि न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. त्या अकरा सूचना प्रत्येक ठाण्यात ठळक दिसतील अशा लावायच्या आहेत. आमच्या तालुक्याच्या ठाण्यातही फलक होता. बाबा ज्या बाकावर बसले होते त्याच्या मागच्या भिंतीवर. पण 'बसवलेल्या' माणसाला ठाण्यानं अटक केलेली नसते, म्हणून त्याचा पंचनामा होत नाही. त्याचे चोवीस तास सुरूच होत नाहीत. तो सुटतो तेव्हाही कुठून सुटला याची नोंद राहत नाही.

विदर्भात हे नवं नाही. आमच्या आत्याकडे जाताना गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा लागतं, देसाईगंज. तिथल्या ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री काय घडलं ते कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. एक आदिवासी मुलगी, भावानं केलेल्या तक्रारीमुळे ठाण्यात आणलेली. बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि तिला आत ठेवून घेतलं. तिच्यावर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप. खटला तिच्या नावानं ओळखला जातो, मी ते नाव इथं लिहीत नाही. सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नसावा, असा त्या निकालाचा रोख होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा झाला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर संमती नव्हती असं बाईनं न्यायालयात सांगितलं तर नव्हतीच असं धरून चालायचं, हे पुरावा कायद्यात आलं.

हे मला आधीही माहीत होतं. पण स्टेशन डायरीची पानं हातात आल्यावर त्या प्रकरणातली एक गोष्ट नव्यानं दिसली. त्या रात्री ठाण्याबाहेर गर्दी जमली होती. ती मुलगी बाहेर आली, तिनं लोकांना सांगितलं, लोक चिडले, ठाणं जाळायची भाषा करू लागले. त्यानंतर तिची तक्रार लिहून घेतली गेली. गर्दी नसती तर? वडश्याच्या त्या रात्रीचा एक तरी कागद राहिला असता का? मी मागच्या वेळी गाडीतून जाताना खिडकीशी बसले होते. स्टेशनवर कोणीतरी मोहाची फुलं भरलेलं पोतं चढवत होतं. गाडी दोन मिनिटं थांबली आणि निघाली.

आमच्यासाठी कुठलीही गर्दी आली नाही. अधीक्षकांनी चौकशी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे दिली. बाबांना जबाबासाठी दोनदा बोलावलं, पुन्हा कार्यालयातच. दुसऱ्या वेळी मी कलम १६० लिहिलेला कागद नेला आणि त्या अधिकाऱ्यानं तो वाचून खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं, जबाब नीट घेतला. हेही सांगायला हवं. पोलीस खात्यात आम्हाला वाईट माणसं भेटली त्याहून जास्त बरी माणसं भेटली. त्यांच्यातल्या एकालाही सहकाऱ्याविरुद्ध दोन ओळी लिहून देता आल्या नाहीत.

आम्हाला तेव्हा वाटलं होतं की चौकशी चालू आहे तर थांबावं. हीच चूक होती, आणि कोणाला माझ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात १६१वं कलम आहे. पोलिसानं पदाच्या आडून किंवा अधिकाराबाहेर जाऊन केलेल्या कृत्याबद्दल दावा किंवा खटला दाखल करायचा तर तो सहा महिन्यांच्या आत. त्यानंतर फौजदारी खटला दोन वर्षांपर्यंत दाखल करता येतो, पण त्याला आधी राज्य सरकारची परवानगी लागते. साध्या माणसानं साध्या माणसाला मारलं तर अशी घाई नाही. खाकीतल्या माणसानं मारलं तर घड्याळ चालू होतं, आणि ज्याला मार बसलेला असतो त्याला ते ऐकू येत नाही. तो चौकशीच्या निकालाची वाट पाहत बसतो. मानवी हक्क आयोगाकडे जायला एक वर्षाची मुदत आहे, तिथं आम्ही अर्ज पाठवला होता. पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये प्रत्येक राज्याला असं प्राधिकरण नेमायला सांगितलं, महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायद्यात बदल करून राज्य आणि विभाग पातळीवर त्याची तरतूद केली. राज्याचं कार्यालय मुंबईला. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, सुनावणी पुढे ढकलली की परत यायचं, आणि इकडे तुरीला पाणी. आम्ही गेलो नाही.

१६१ची गोष्ट सांगितली ती तालुका विधी सेवा समितीतून मिळालेल्या वकील मॅडमनी. आमच्यासारख्यांना वकील फुकट मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं, हे सांगणारेही तेच अर्जनवीस काका. मॅडमनी कागद चाळले, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, "तीन आठवडे उरले आहेत तुमच्याकडे."

तोवर खात्याचं पत्र आलं होतं. एका परिच्छेदाचं. 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने चौकशी केली असता संबंधित कर्मचाऱ्याची कसुरी आढळून आल्याने त्यांचेविरुद्ध नियमानुसार कारवाई करण्यात आली आहे, आपल्या माहितीस्तव.' मी मोठ्यानं वाचलं, बाबांच्या उजव्या कानाशी. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"थापडीचं कोठी लिवलं?"

"कसुरी म्हणजे तेच, बाबा."

"कसुरी म्हंजे त्याची चूक. मले लागलं थे कोठी हाये?"

मला उत्तर देता आलं नाही. तक्रार संपवायची असती तर त्या पत्रावर संपवता आली असती. दादा म्हणालाही, झालं नं, कारवाई झाली. बाबांनी पत्र घडी घालून पेटीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला, "बाई, थ्या वकीलबाईले भेट."

खाजगी फिर्याद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात मुदत संपायच्या नऊ दिवस आधी दाखल झाली. पेरणी झाल्यावर, जुलैमध्ये, बाबांची शपथेवर पडताळणी झाली. म्हणजे फिर्यादीला न्यायाधीश स्वतः विचारतात आणि त्याचं म्हणणं लिहून घेतात. खोलीत पंख्याचा आवाज होता. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की यांना डावीकडून ऐकू येत नाही. न्यायाधीश तरुण होते, त्यांनी बाबांना उजवीकडे वळून उभं राहायला सांगितलं आणि आवाज वाढवला. बाबा वऱ्हाडीत बोलत होते. न्यायाधीश ते प्रमाण मराठीत सांगत होते, लघुलेखक टंकत होता. बाबा म्हणाले, "त्यानं मले कानाखाली हानली." न्यायाधीश म्हणाले, "घ्या. त्याने उजव्या हाताने माझ्या डाव्या कानावर चापट मारली." कळफलकाचा आवाज झाला. बाबांनी मान वळवून त्या पडद्याकडे पाहिलं. तिथून त्यांना अक्षरं दिसत नव्हती, तरी पाहत राहिले.

"आणखी काही सांगायचं आहे?"

"हो साहेब. माह्यासंगं एक पोरगा होता. पारध्याचा. त्याले दोन रोज बसवलं होतं. त्यानं माही टोपी उचलून देल्ली. त्याचंबी लिवा."

न्यायाधीश थोडं थांबले. मग शांतपणे म्हणाले, "तुमच्याबाबत जे घडलं तेवढंच या फिर्यादीत घेता येतं, आजोबा." बाबांनी मान हलवली. कळली म्हणून की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

त्या पोराला आम्ही शोधलं होतं. अर्जनवीस काकांनीच सांगितलं होतं की साक्षीदार तोच एक. मी आणि दादा बेड्यावर गेलो होतो, गावाबाहेर, नाल्याच्या काठाला. पोरगा भेटला नाही, त्याची आई भेटली. तिनं आम्हाला बसायला बाज दिली. म्हणाली, तुमचा बाप मोठा माणूस आहे, वावरवाला आहे, त्याचं ऐकतील. माह्या पोराला तं कोठी चोरी झाली का नेतात, सोडतात, पुन्हा नेतात. त्यानं साक्ष दिली तर सोडणार नाहीत. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवायची सोय केली, पारध्यांवरही तो शिक्का बसला. स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. बेड्यावरच्या त्या बाईसमोर बसून हे आकडे मला आठवले आणि मी गप्प बसले. त्या पोराजवळ एसटीचं तिकीटही नव्हतं. त्याला ठाण्याच्या गाडीतून नेलं होतं.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मध्ये कोविडनं दीड वर्ष गेलं. मग समन्स निघालं. समोरच्या वकिलांनी कर्तव्यावरच्या कृत्याबद्दल खटल्याला आधी सरकारी मंजुरी हवी असा मुद्दा काढला, मॅडमनी ठाण्यात बसवलेल्या म्हाताऱ्याला मारणं हे कर्तव्य होत नाही असा युक्तिवाद केला. समन्स निघालं. तारखा पडतात. तो कर्मचारी आता दुसऱ्या ठाण्यात आहे, तारखेला साध्या कपड्यात येतो. एकदा त्यानं बाबांना बसायला बाक रिकामा करून दिला. बाबा बसले.

आज हेच घडलं असतं तर काही गोष्टी सोप्या झाल्या असत्या. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंह सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, लॉकअपमध्ये, वऱ्हांड्यात आवाजासकट चित्रण करणारे कॅमेरे लावायला आणि ते चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपायला सांगितलं आहे. नव्या संहितेत ठाण्यात न बोलावण्याची वयाची अट ६५ वरून ६० वर आली आहे. काही गोष्टी अवघड झाल्या असत्या. लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यानं त्याच्या वरिष्ठाचा अहवाल आणि त्याचं स्वतःचं म्हणणं पाहायचं, हे आता १७५व्या कलमात आलं आहे. मॅडम म्हणतात, वाट काढता येते. काढतीलही.

पडताळणीची नक्कल आम्ही अर्ज करून मागवली. बाबांनी ती एकदा माझ्याकडून वाचून घेतली, चापटेच्या ओळीवर बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचायला लावली आणि पेटीत, सातबाऱ्याच्या खाली ठेवली.

मागच्या तारखेला मी वर्ध्याहून सरळ कोर्टात गेले. बाबा आधीच आलेले होते, एकटेच. ७५ पूर्ण झाल्यापासून त्यांना एसटी फुकट आहे, पण कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. ते त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढून मला दाखवलं. तारीख, वेळ, फाट्याचं नाव. न्यायाधीश रजेवर होते, पुढची तारीख मिळाली. मी म्हटलं, चला बाबा, तीनची गाडी आहे. ते म्हणाले, "थांब वाईच."

कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस, सगळी पोरं. बाबा ते तिकीट दोन बोटांत धरून रांगेत उभे राहिले. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिले.